वर्डप्रेसची साइट बिघडली: चालू साइटवर शोधायचं की स्टेजिंगवर?

अपडेट झालं आणि मेन्यू उघडेनासा झाला, किंवा चेकआउटचं बटण नुसतंच फिरत राहिलं, की पहिला सल्ला ठरलेला असतो: सगळे प्लगइन्स (साइटला जोडलेले जादा प्रोग्राम) बंद करा, वर्डप्रेससोबत येणारी मूळ थीम लावा, मग एकेक चालू करत जा. सल्ला चुकीचा नाही, पण तो वर्दळ नसलेल्या साइटसाठी आहे. दिवाळी अंकांच्या मागण्या घेणाऱ्या प्रकाशकाने ऐन हंगामात भर दुपारी हे केलं, तर वूकॉमर्स, म्हणजे दुकान चालवणारं प्लगइन, तेही बंद होतं आणि अंकांच्या पानांवर ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, दिसू लागतं. दोष एका प्लगइनचा, पण दुकान सगळंच बंद.

दुसरे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग या मोफत प्लगइनमधला ट्रबलशूटिंग मोड, दुसरा म्हणजे साइटची स्टेजिंग प्रत, म्हणजे फक्त प्रयोगासाठी वेगळी ठेवलेली नक्कल. यातलं एकच निवडा असं मी सांगणार नाही. बिघाड शोधणं आणि तो दुरुस्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि माझ्या मते त्यांच्या जागाही वेगळ्या असाव्यात.

काहीही बंद करण्याआधी मात्र ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून कन्सोल, म्हणजे पानातल्या चुका दाखवणारी खिडकी, बघा. मेन्यू, स्लायडर, बटण असं काही अडलं असेल तर बहुधा जावास्क्रिप्टची चूक असते. तिथल्या लाल ओळीत फाइलचा पत्ता असतो आणि त्या पत्त्यात प्लगइनच्या फोल्डरचं नाव. ऑगस्ट २०२० मध्ये वर्डप्रेस ५.५ ने जेक्वेरी मायग्रेट (जुना जावास्क्रिप्ट कोड चालू ठेवणारा दुवा) काढून टाकलं, तेव्हा जुन्या थीमचे कितीतरी स्लायडर असेच थांबले होते.

ट्रबलशूटिंग मोडचं वैशिष्ट्य असं, की सगळे प्लगइन्स बंद होतात ते फक्त तुमच्यापुरते. तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या कुकीवरून, म्हणजे छोट्या खुणेवरून, साइट तुम्हाला मूळ थीममध्ये, प्लगइनविना दिसते, बाकीच्यांना नेहमीसारखी. मग वरच्या पट्टीतून एकेक प्लगइन चालू करत बघायचं. एकेक करण्यापेक्षा निम्मे चालू करून बघा आणि दोष ज्या निम्म्यात असेल त्याचे पुन्हा निम्मे करा: ३२ प्लगइन्स असतील तर पाच फेऱ्यांत नाव हाती येतं. दोन प्लगइन्सचं आपसात जमत नसेल तर हा हिशेब फसतो. अशा वेळी संशयित चालू ठेवून उरलेल्यांचे निम्मे करत जायचं. वूकॉमर्सवर उभे असलेले प्लगइन्स तपासताना वूकॉमर्स प्रत्येक फेरीत चालूच हवं, हे वेगळं सांगायला नको.

या मोडच्या मर्यादाही खऱ्या आहेत. तो लॉगिन केलेल्यालाच मिळतो, त्यामुळे फक्त पाहुण्यांना दिसणारा, म्हणजे बहुतेकदा पेज कॅशमुळे (पानाच्या साठवून ठेवलेल्या प्रतीमुळे) होणारा, बिघाड त्यात सापडत नाही. पेमेंट गेटवेकडून (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेकडून) येणारे संदेश किंवा क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप होणारी) कामं तुमची कुकी घेऊन येत नाहीत. ती सगळ्या प्लगइन्ससकटच चालतात. शिवाय डेटाबेस खराच असतो. तिथे बदललेली सेटिंग सर्वांसाठी बदलते.

थीमच्या बाबतीत हा मोड फारच उपयोगी पडतो. चालू साइटची थीम खरोखर बदलली तर मेन्यूच्या जागा आणि विजेट्स विस्कटतात आणि परत आल्यावर सगळं जागच्या जागी बसेलच असं नाही. मोडमध्ये मूळ थीम फक्त दाखवली जाते, जतन होत नाही. मात्र तिथे साइट सुंदर दिसते का हे बघू नका. जुन्या पेज बिल्डरचे शॉर्टकोड (चौकोनी कंसातले संकेत) उघडे पडणारच. बिघाड गेला का, एवढंच बघा. गेला, तर चाइल्ड थीम, म्हणजे मुख्य थीमवर तुमचे बदल ठेवणारी जोडथीम, तपासा. वूकॉमर्सच्या टेम्प्लेट फायली तिथे कधीकाळी कॉपी करून ठेवलेल्या असतात आणि मूळ पुढे गेलं तरी त्या जुन्याच राहतात. वूकॉमर्सच्या स्टेटस पानावर शेवटाकडे अशा जुन्या टेम्प्लेटची नोंद मिळते.

स्टेजिंग शोधासाठी मला दुय्यम वाटतं. तिथली पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलं आहे ती) आवृत्ती, कॅश, फायरवॉल वेगळी असली तर बिघाड तिथे दिसतच नाही. दुरुस्तीसाठी मात्र स्टेजिंगच हवं: नवी आवृत्ती लावून बघणं, जुनीवर परत जाणं, पीएचपी बदलणं. पीएचपी ८.० मध्ये पूर्वी नुसत्या वॉर्निंगवर भागणाऱ्या कितीतरी चुका थेट फेटल एरर, म्हणजे साइट थांबवणाऱ्या चुका, झाल्या, त्यामुळे हा शेवटचा प्रयोग चालू साइटवर करूच नये. स्टेजिंगवर पेमेंट गेटवे टेस्ट मोडला आणि बाहेर जाणाऱ्या ईमेल बंद ठेवा, नाहीतर खऱ्या ग्राहकांना पत्रं जातील. आणि दुकान असेल तर स्टेजिंगचा डेटाबेस चालू साइटवर कधीही ढकलू नका. मधल्या काळात आलेल्या ऑर्डर पुसल्या जातात. जो बदल लागू पडला तेवढाच हाताने करा.

अॅडमिनच उघडत नसेल तर वरची निवड तूर्त बाजूला ठेवावी लागते. वर्डप्रेस ५.२ पासून, म्हणजे मे २०१९ पासून, फेटल एरर आली की अॅडमिनच्या पत्त्यावर ईमेल जाते. तिच्यात दोषी प्लगइनचं किंवा थीमचं नाव आणि रिकव्हरी मोडची, म्हणजे दोषी भाग थांबवून अॅडमिन उघडून देणाऱ्या मोडची, लिंक असते. लिंक एक दिवस चालते. पण त्या मोडमध्येही प्लगइन थांबतं ते फक्त तुमच्यासाठी. पाहुण्यांना क्रिटिकल एररचा संदेशच दिसत राहतो, म्हणून आत शिरल्यावर आधी ते प्लगइन बंद करा.

ईमेल आलीच नाही, तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून एरर लॉग बघा आणि त्यात नाव असलेल्या प्लगइनच्या फोल्डरचंच नाव बदला. अख्ख्या प्लगइन्स फोल्डरचं नाव बदलायचा उपाय नाव कळतच नसेल तेव्हाचा. तो केलात तर नाव पूर्ववत करण्याआधी अॅडमिनमधलं प्लगइन्सचं पान एकदा उघडा. तिथे फायली सापडल्या नाहीत म्हणून वर्डप्रेस त्या प्लगइन्सना बंद ठरवतं. पान न उघडता नाव परत दिलंत तर सगळे पुन्हा चालू आणि एररही परत. बिघाड थीमचा असेल तर तिच्या फोल्डरचं नाव बदला. मात्र वर्डप्रेसची एखादी मूळ थीम साइटवर आधीपासून असायला हवी. नीटनेटकेपणासाठी ती उडवलेली असेल तर आजच परत घालून ठेवा.

गावच्या वाचनालयाची किंवा मंडळाची चार पानांची साइट असेल तर एवढं सगळं लागत नाही. बॅकअप घ्या, रात्री दहानंतर सगळे प्लगइन्स बंद करून बघा, आणि प्रत्येक फेरीनंतर कॅश रिकामं करून इनकॉग्निटो खिडकीत तपासा.