काश्मिरी तांब्याचा समोवार : हिवाळाभर रोज वापरल्यानंतर

नोकरीमुळे श्रीनगरला राहतो. थंडी पडायच्या आत जैना कदलच्या (कदल म्हणजे पूल) बाजारातून तांब्याचा समोवार, म्हणजे पोटात निखारे ठेवून चहा उकळायचं भांडं, घेतला. चिल्ला-ए-कलानच्या (२१ डिसेंबर ते जानेवारीअखेर) कडाक्यात तो रोज पेटत होता.

मधोमध नळकांडं, त्यात निखारे, भोवती चहा. तळाच्या जाळीतून राख खाली पडते, हवा वर चढते. केशर, दालचिनी, वेलदोड्याचा कहवा उकळला की शेवटच्या पाहुण्यापर्यंत कढत राहतो. रशियन समोवारासारखी तोटी नाही, लांब चोच आहे. धार अगदी नेमकी पडते. फक्त आधी पाणी आणि मगच निखारे! रिकाम्या भांड्यात विस्तव घातला तर कल्हई वितळते, झाळलेले सांधे सुटतात. आणि खिडकी उघडी ठेवाच, कोळशाचा वायू जीवघेणा असतो.

ज्याच्या नावाचा हा पूल, त्या सुलतान झैन-उल-आबिदीनने १५व्या शतकात इराण-मध्य आशियातले कारागीर इथे आणवले, असं मानतात. आजही ठांठुर पत्रा ठोकून भांडं घडवतो आणि नक्काश त्यावर छिन्नीने कोरतो. माझ्या समोवारावर चिनारची पानं आहेत. उन्हात तिरकं धरलं की एका पानाची शीर खोल, शेजारच्याची उथळ दिसते. साच्यातल्या मालावर सगळी पानं एकसारखी येतात. यंत्रावर अशी भांडी करायला २००६च्या कायद्याने बंदी आहे, तरी तसा माल बाजारात सर्रास दिसतो. मला त्याचा राग येतो, कारण त्याने हातकाम करणाऱ्यांच्या पोटावर पाय येतो. किंमत वजनावर आणि नक्षीवर ठरते. हलकं आणि स्वस्त मिळालं म्हणून हुरळू नका.

त्रास झाला तो कल्हईचा. मीठ-सोड्याच्या नून चायने हिवाळा सरता सरता चोचीच्या तोंडाशी आतून तांबूस दिसायला लागलं. लगेच वापर थांबवला. पहिल्या कारागिराने पोट चकचकीत केलं, पण चोच तशीच सोडली. दुसऱ्याने भांडं तापवून, नवसागर टाकून, वितळलेलं कथील चोचीच्या टोकापर्यंत फिरवून दिलं. तेव्हा कल्हई करून आणलीत की चोचीत बॅटरी मारून बघा, मगच पैसे द्या.

बाहेरून चिंच आणि मऊ ब्रश पुरतो. घासायची पावडर नक्षीच्या रेघांत पांढरी अडकून बसते, ती नकोच. कोळशाची सोय नसलेल्या फ्लॅटसाठी मात्र समोवार घेऊ नका. अशा फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तांब्याचं नक्षीदार ताट घ्यावं.