डीएमआयटी टेस्ट केली, पैसे गेले (५ पैकी १ स्टार)

चिरंजीवांच्या वर्गातल्या एका आईच्या नादी लागून आम्ही पण ती बोटांच्या ठशांवरून स्वभाव सांगणारी डीएमआयटी टेस्ट करून आलो. सेंटरचं नाव देत नाही कारण ही सेंटरं आता गल्लोगल्ली झालीत. फी ४५०० रु., आईबाबांपैकी एकाची पण केली तर फॅमिली पॅकमध्ये डिस्काउंट, म्हणून आमच्या ह्यांचे पण ठसे देऊन टाकले. दहा बोटं स्कॅनरवर, मग तळहाताचा फोटो ज्यावरून ते एटीडी अँगल नावाचा कोन मोजतात, पंधरा मिनिटांत मोकळे. एसी होता, स्टाफ गोड बोलणारा, चहासुद्धा दिला, तिथे तक्रार नाही.

आठ दिवसांनी चकचकीत फोल्डर आला. मुलगा (वय ८) निघाला डव्ह, म्हणजे कबुतर! शांत, मिळतंजुळतं घेणारा, लीडरशिप कमी, स्टेजच्या भानगडीत पाडू नका. आणि हे निघाले ईगल. आमच्या घरात गरुड कोण आहे ते सगळ्या बिल्डिंगला माहितीये, असो. माझी आजी बोटांवरचे शंख आणि चक्रं मोजून एवढं फुकटात सांगायची.

पण खरं डोकं फिरलं ते काउन्सेलर मॅडमच्या एका वाक्याने. म्हणाल्या, ठसे बदलत नाहीत ना, म्हणून ही टेस्ट आयुष्यात एकदाच करायची. अहो ठसे नाही बदलत, ते पोटात असतानाच पक्के होतात, मान्य, पण माणूस? माझे सासरे एसटीत होते, तरुणपणी भाजीत मीठ कमी पडलं की ताट भिरकवायचे असं सासूबाई सांगतात, आणि आता सत्तरीत तोच माणूस नातवाला भागाकार शिकवायला दोन दोन तास बसतो आणि आवाज चढत नाही. बोटं तीच की.

मग घरी येऊन वाचलं (आधी वाचायला हवं होतं, बोलू नका). रॉबर्ट्स आणि डेलव्हेकियो या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००० साली १५२ अभ्यास एकत्र करून बघितलंय की आपल्या वयाच्या लोकांच्यात आपला स्वभावाचा नंबर किती टिकतो. १ म्हणजे जराही हलला नाही असं धरा, तर लहानपणी हा आकडा ०.३१, कॉलेजच्या वयात ०.५४, तिशीत ०.६४ आणि पन्नाशीनंतर कुठे ०.७४. म्हणजे ज्या वयात सगळ्यात जास्त हलतं नेमक्या त्याच वयाच्या पोरांवर हे लोक कायमचा शिक्का मारतायत! स्कॉटलंडमध्ये तर १४ वर्षांच्या मुलांच्या स्वभावाला १९५० मध्ये शिक्षकांनी मार्क दिले होते, त्यातल्या १७४ जणांना ७७ व्या वर्षी परत तपासलं तर दोन्हीचा जवळपास मेळच नाही. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्ये लिहिलं होतं की तिशीपर्यंत स्वभाव प्लास्टरसारखा घट्ट होतो. त्या बिचाऱ्याने निदान तीस वर्षं तरी दिली होती, हे जन्माआधीच प्लास्टर मारून मोकळे.

जन्मजात काहीच नसतं असं मी म्हणत नाहीये, जुळ्यांच्या अभ्यासांत माणसामाणसातला साधारण निम्मा फरक आनुवंशिक निघतो. पण तो बोटाच्या भोवऱ्यात वाचता येतो हे कोणी दाखवलेलं नाही, इंडियन सायकियाट्रिक सोसायटी या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही या टेस्टला शास्त्रीय आधार नाही असंच सांगितलंय.

मोठ्यांना हौस असेल तर बिग फाइव्हची (स्वभावाचे पाच मुख्य पैलू मोजणारी) १२० प्रश्नांची टेस्ट ऑनलाइन फुकट आहे, ह्यांनी भरली, बेशिस्त निघाले, हे पटलं. मुलाची मात्र कुठलीच करू नका. आमच्या कबुतराने परवा सोसायटीच्या गणपतीत त्या मॅडमचीच नक्कल केली, वन्स मोअर मिळाला.

रिफंड मागितला तर म्हणे रिपोर्ट जनरेट झाल्यावर मिळत नाही. कागद इतका गुळगुळीत आहे की पाठीमागे भागाकार पण करता येत नाहीत.