रजिस्ट्री: एका ओळीचं गेटव्हॅल्यू की चार ओळींचं ओपनबेसकी?

सी-शार्प या भाषेतून विंडोजच्या रजिस्ट्रीशी, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅम आपली सेटिंग जिथे साठवतात त्या जागेशी, बोलायला दोन सरळ रस्ते आहेत. पहिला म्हणजे रजिस्ट्री.गेटव्हॅल्यू आणि रजिस्ट्री.सेटव्हॅल्यू. पूर्ण पाथ द्या, व्हॅल्यूचं नाव द्या, वाचताना डिफॉल्ट (व्हॅल्यू नसेल तर परत मिळायचं उत्तर) द्या, काम झालं. दुसऱ्या रस्त्यात रजिस्ट्रीकी.ओपनबेसकीने मुळाशी जायचं, ओपनसबकीने खालच्या सबकीत, म्हणजे रजिस्ट्रीतल्या फोल्डरमध्ये, उतरायचं, मग वाचायचं किंवा लिहायचं आणि उघडलेलं सगळं बंद करायचं. मी दोन्ही बरीच वर्षं वापरले आहेत. नवीन प्रोग्रॅमला हात घालताना यातला कुठला घ्यावा, असं कुणी विचारलं की मी आधी एकच उलट प्रश्न विचारतो: ही व्हॅल्यू तुमच्याशिवाय आणखी कोण वाचणार आहे?

कुणीच नसेल, म्हणजे खिडकीचा आकार, शेवटचं उघडलेलं फोल्डर, निवडलेला प्रिंटर असल्या त्या-त्या युजरच्या गोष्टी असतील, तर पहिला रस्ता पुरेसा आहे. त्या करंट-युजर या रजिस्ट्रीतल्या त्या-त्या युजरच्या भागात, सॉफ्टवेअर या सबकीखाली जातात आणि तो भाग ३२-बिट आणि ६४-बिट प्रोग्रॅमना सामाईक असतो. पाथमधली सबकी नसली तर सेटव्हॅल्यू ती स्वतःच तयार करतं. एवढ्यासाठी चार ओळी लिहायचा आग्रह मी धरणार नाही.

फक्त डिफॉल्टवर विसंबू नका. सबकी आहे पण व्हॅल्यू नाही, तर गेटव्हॅल्यू तुमचा डिफॉल्ट परत देतं. सबकीच नसेल तर मात्र डिफॉल्ट बाजूला ठेवून सरळ नल, म्हणजे 'काहीच नाही', देतं. तुमच्या मशीनवर सबकी कधीचीच तयार असते, त्यामुळे हे दिसत नाही. ते दिसतं गिऱ्हाइकाच्या कोऱ्या मशीनवर, पहिल्याच रनला, त्या नलचं इंटमध्ये (पूर्णांकात) कास्ट, म्हणजे रूपांतर, करताना. ओपनसबकीसुद्धा नलच देतं म्हणा, पण तिथे तपासणी कुठे लिहायची ते समोर दिसत असतं.

आणखी एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. सेटव्हॅल्यूला प्रकार सांगितला नाही आणि लाँग (६४-बिट पूर्णांक) दिला, तर तो स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणून साठवला जातो. क्यूवर्ड (रजिस्ट्रीतला ६४-बिट आकड्याचा प्रकार) हवा असेल तर तसं स्पष्ट लिहा.

आता ज्या गोष्टीने माझं मत फिरलं ती सांगतो. वजनकाट्याचं एक काम होतं. काट्याचा इंडिकेटर सिरियल पोर्टवर जोडलेला. पोर्ट वाचणारी विंडोज सर्व्हिस (मागे चालत राहणारा प्रोग्रॅम) ६४-बिट, आणि पोर्ट निवडायची सेटिंगची स्क्रीन हा वेगळा प्रोग्रॅम. सर्व्हिस सिस्टीमच्या खात्यावर चालते, तिला युजरचं करंट-युजर दिसत नाही, म्हणून पोर्टचं नाव लोकल-मशीन या रजिस्ट्रीतल्या सगळ्या मशीनच्या भागाखाली ठेवलं होतं. इन्स्टॉलरने तिथे कॉम१ लिहिलेलं. साइटवर इंडिकेटर कॉम३ ला निघाला. सेटिंगमध्ये कॉम३ निवडलं, सेव्ह केलं, स्क्रीन बंद करून पुन्हा उघडली, कॉम३ च दिसतंय. सर्व्हिस मात्र रीस्टार्ट करूनही कॉम१ च उघडायची. बाहेर गाड्या उभ्या, आणि मी परवानग्या तपासतोय, केबल बदलतोय, सर्व्हिस काढून पुन्हा टाकतोय. कुठेही एरर नाही. लिहिणं यशस्वी, वाचणंही यशस्वी.

दुपारी रेजएडिटमध्ये, म्हणजे विंडोजच्या रजिस्ट्री एडिटरमध्ये, एफ-३ दाबत आमचं नाव शोधत गेलो तेव्हा ते दोनदा सापडलं. सॉफ्टवेअरखाली कॉम१, आणि सॉफ्टवेअरमधल्या वॉव६४३२नोडखाली कॉम३. ३२-बिट प्रोग्रॅमने लोकल-मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलं की ६४-बिट विंडोज त्याला गुपचूप तिकडे वळवतं, हे मला वाचून माहीत होतं. पण आमचा प्रोजेक्ट एनी-सीपीयू, म्हणजे ३२-बिट आणि ६४-बिट दोन्हीकडे चालणारा, होता, तो ३२-बिट चालत असेल ही शंकाच आली नाही. बिल्डच्या टॅबमध्ये 'प्रिफर ३२-बिट' वर खूण होती. डॉटनेट फ्रेमवर्क ४.५ पासून त्या फ्रेमवर्कच्या नव्या एक्झी प्रोजेक्टला ती बहुधा आपोआप येते.

खूण काढली, तर इंडिकेटरबरोबर आलेली डीएलएल (प्रोग्रॅमला जोडायची तयार कोडची फाइल) चढेना, कारण ती ३२-बिट. म्हणजे प्रोग्रॅम ३२-बिटच राहणार, पण लिहायचं ६४-बिट बाजूला. आणि रजिस्ट्री.सेटव्हॅल्यूला हे सांगायला जागाच नाही. त्याच्या पाथमध्ये बाजू निवडता येत नाही, प्रोसेस ज्या बाजूची त्याच बाजूला ते जातं. ओपनबेसकीला मात्र दुसरा पॅरामीटर म्हणून रजिस्ट्री६४ देता येतं. डॉटनेट ४ पासून ही सोय आहे. एक शब्द घातला आणि सर्व्हिसने कॉम३ उघडला. ३२-बिट विंडोजवर रजिस्ट्री६४ मागितलं तरी बिघडत नाही, तिथे ३२-बिट बाजूच मिळते.

दुसऱ्या रस्त्याचे जाच नाहीत असं नाही. ओपनसबकी मुळात फक्त वाचण्यासाठी उघडतं. लिहिण्यासाठी दुसरा पॅरामीटर ट्रू द्यायचा राहिला, तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवूनही परवानगी नसल्याची एरर येते आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो. मी लिहिताना क्रिएटसबकीच वापरतो, ते असलेलं उघडतं, नसलेलं बनवतं. प्रत्येक ठिकाणी यूझिंग (उघडलेलं आपोआप बंद करणारी सी-शार्पची सोय) लावायचा कंटाळा येतो, म्हणून वाचा आणि लिहा अशी दोन फंक्शन्स एका छोट्या क्लासमध्ये ठेवली आहेत आणि बाजू तिथेच ठरवून टाकली आहे. तुमचा प्रोग्रॅम आज एकटाच असेल तर हे जास्तीचं वाटेल, आणि कदाचित असेलही. पण लोकल-मशीनला हात लावणार असाल तर मी पहिल्या दिवसापासून हाच क्लास घालीन.

जुना प्रोग्रॅम बदलत असाल तर आधीच्या व्हॅल्यू वॉव६४३२नोडमध्ये पडून असतील. नव्या आवृत्तीच्या पहिल्या रनला रजिस्ट्री३२ ने त्या एकदा वाचून घ्या, रजिस्ट्री६४ ने लिहा आणि जुनी सबकी काढून टाका. मी ती काढायची ठेवली होती, तर पुढच्या भेटीला साइटवरच्या माणसाने रेजएडिटमध्ये नेमकी तीच उघडून तिच्यातला पोर्ट बदलला होता.