फोनवरचा अरबी दुभाषा: सासूबाईंच्या प्रवासात वापरून पाहिलेली सेवा

माझ्या सासूबाई सुदानच्या. त्यांना फक्त अरबी येतं, आणि मला येणारं अरबी जेवणखाण नि तब्येतीच्या चौकशीपुरतं. नवरा बरोबर नसताना त्यांना विमानाने परक्या देशात न्यायचं होतं, म्हणून फोनवर दुभाषा जोडून देणारी सेवा घेतली.

भीती उगाच नव्हती. 2009 मध्ये फिलाडेल्फिया विमानतळावर एका अमेरिकन विद्यार्थ्याला अरबी शब्दांची कार्डं जवळ सापडली म्हणून बेड्या घालून तासन् तास अडकवलं होतं. 2016 मध्ये लॉस एंजेलिसला मामाशी फोनवर अरबीत बोलणाऱ्या विद्यार्थ्याला विमानातून उतरवलं. अमेरिकेच्या 2017 च्या प्रवेशबंदीत सुदान होता, 2025 च्या यादीतही आहे. आम्ही अमेरिकेला जात नव्हतो, पण सासूबाईंच्या मनात हे सगळं होतं. लेकाचा फोन आला की आधी आजूबाजूला बघायच्या, मग हळू आवाजात दोन शब्द बोलून ठेवून द्यायच्या. एरवी त्यांचा आवाज अख्ख्या घरात ऐकू येतो. मला ते पाहवत नव्हतं.

सेवेकडे वळते. घरी चाचणी म्हणून पहिल्यांदा जोडलं तेव्हा मोरोक्कोचे दुभाषी आले. माणूस सज्जन, पण मोरोक्कोची बोली आणि सुदानची बोली यांत खूप अंतर. सासूबाई प्रत्येक उत्तराआधी थांबू लागल्या. अधिकाऱ्यासमोर असं थांबणं म्हणजे काहीतरी लपवणं वाटू शकतं. मी तक्रार केल्यावर सुदानी दुभाषीबाई मिळाल्या. नोंदणी करताना नुसतं ‘अरबी’ लिहू नका, देशही लिहा.

खरी परीक्षा पासपोर्ट तपासणीत झाली. आम्हाला बाजूला घेतलं. अधिकाऱ्याचा प्रश्न होता की मुलाकडे राहता म्हणता, मग तुमचं आणि मुलाचं आडनाव वेगळं कसं? सुदानी नावात आडनाव नसतं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. लग्नानंतर बाई नवऱ्याचं नाव लावत नाही. त्यामुळे आई नि मुलाच्या पासपोर्टवर पहिल्या नावापुढे एकही नाव जुळत नाही. दुभाषीबाईंनी आधी सासूबाईंचं उत्तर जसंच्या तसं, ‘मी’ म्हणूनच सांगितलं. मग अधिकाऱ्याची परवानगी मागून, ‘हे दुभाषी म्हणून सांगते आहे’ असं स्पष्ट करून, नावांची पद्धत समजावली. आपलं मत कुठेही मिसळलं नाही. अधिकाऱ्याचा सूर तिथे बदलला. पुढे अरबी लेबलांच्या औषधांबद्दल दोन प्रश्न झाले आणि आम्ही सुटलो.

उणीव मोठी आहे, ती लिहायलाच हवी. बऱ्याच विमानतळांवर तपासणीच्या भागात फोन वापरू देत नाहीत. आमच्या अधिकाऱ्याने दिला म्हणून बरं, नाहीतर ही सेवा खिशातच राहिली असती. कंपनीने हे आधी सांगायला हवं होतं. म्हणून एक कागद छापून न्या: कोणती भाषा येते, दुभाषा हवा आहे, नातेवाइकाचा नंबर. दुभाषी कायदेशीर सल्ला देत नाहीत, तेही लक्षात ठेवा. परदेशात अटक किंवा स्थानबद्धता झालीच, तर आपल्या दूतावासाला कळवायला सांगण्याचा हक्क 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 36 ने दिला आहे. तो प्रवाशाने स्वतः माहीत करून घ्यावा.

भाषांतराचं फुकट ॲप का नको, असं नणंदेने विचारलं होतं. 2017 मध्ये एका पॅलेस्टिनी कामगाराने फेसबुकवर ‘शुभ सकाळ’ लिहिलं, यंत्राने हिब्रूत त्याचं ‘हल्ला करा’ केलं आणि इस्रायली पोलिसांनी त्याला पकडलं. रस्ता विचारायला ॲप चालेल, चौकशीला माणूसच हवा.

पाचपैकी चार तारे. परतीच्या प्रवासाला त्याच बाई मिळतील का विचारलं, तर तशी हमी देत नाही म्हणाले. म्हाताऱ्या माणसाला ओळखीचा आवाज फार लागतो. तेवढी सोय केली तर पाचवा ताराही देईन.