कॅलिफोर्नियात मागे वेगळं घर, गॅरेजचं घर की ज्युनियर एडीयू? आईबाबांसाठी कुठलं बरं

आईबाबा इकडे आले की सहा महिने राहतात, त्यांना स्वतःचं किचन-बाथरूम असावं आणि ते नसताना थोडं भाडंही यावं, म्हणून आपली बरीच मंडळी एडीयू (अ‍ॅक्सेसरी ड्वेलिंग युनिट, म्हणजे आपल्याच घराच्या आवारातलं दुसरं छोटं घर) बांधायचं बघतायत. आम्हीही यात बरेच महिने घालवले, त्यातून जे कळलं ते सांगते.

सगळ्यात स्वस्तातलं म्हणजे ज्युनियर एडीयू. ५०० स्क्वेअर फुटांपर्यंत, आहे त्या घराच्या भिंतींच्या आतच, बाहेरून वेगळं दार, छोटं किचन. बाथरूम घरातलंच वापरलं तरी चालतं, पण मग मालकाने त्याच घरात राहायला हवं. तुम्ही तिथेच राहणार असाल तर प्रश्नच नाही, पण उद्या नोकरीसाठी टेक्सासला जायची शक्यता असेल तर आधी नीट विचार करा.

गॅरेज बदलायचं तर चार भिंती आणि छप्पर तयार मिळतं, ते कुंपणाला अगदी चिकटून असलं तरी जागा सोडावी लागत नाही आणि गेलेल्या पार्किंगच्या बदल्यात नवं पार्किंगही सिटी मागू शकत नाही. फक्त फरशी, ओल आणि इन्सुलेशन आधी तपासून घ्या, जुन्या गॅरेजमध्ये खर्च तिथेच वाढतो.

मागे वेगळं घर मात्र खरंच घरासारखं होतं. ८०० स्क्वेअर फूट आणि १६ फूट उंचीपर्यंतचं, बाजूने-मागून ४ फूट सोडून बांधलं तर सिटीला लॉट कव्हरेजचं (प्लॉटचा किती भाग बांधकामाने व्यापलाय त्याचं) कारण देऊन अडवता येत नाही. बरेच जण १२०० स्क्वेअर फुटांच्या मागे लागतात, मी म्हणेन ७५० च्या आतच राहा, कारण तेवढ्यापर्यंत इम्पॅक्ट फी (नव्या बांधकामाचा सार्वजनिक सोयींवर भार पडतो म्हणून घेतात ती) लागत नाही, वर गेलात की मुख्य घराच्या प्रमाणात लागू शकते (शाळेची फी वेगळी, ती ५०० च्या पुढे येऊ शकते). नवीन वेगळ्या बांधकामाला सोलरही बसवावं लागतं, गॅरेज बदलताना नाही. आणि रस्त्यापर्यंतच्या सीवर लाइनचं कोटेशन पहिल्याच दिवशी घ्या, आम्ही ते शेवटी घेतलं आणि सगळं बजेट परत मांडावं लागलं.

परमिटचं टेन्शन नको, अर्ज पूर्ण असला की ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो, शेजाऱ्यांची सुनावणी वगैरे नाही. एचओए (आपल्याकडच्या सोसायटीसारखी घरमालकांची संघटना) पण सरसकट बंदी घालू शकत नाही. प्रॉपर्टी टॅक्सला सगळे घाबरतात पण प्रॉप १३ (प्रॉपर्टी टॅक्सवर मर्यादा घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा) मुळे जुन्या घराची टॅक्ससाठी धरलेली किंमत नव्याने ठरवत नाहीत, फक्त नव्या बांधकामाची त्यात भर पडते. एक मात्र बघा, आईबाबा परत गेले की आठ-आठ दिवसांसाठी पाहुण्यांना भाड्याने द्यायचं डोक्यात असेल तर ३० दिवसांपेक्षा कमी भाड्याला बहुतेक ठिकाणी मनाई असते, ते गणित धरून बजेट करू नका.

आम्ही मागे ७४० चं बांधलं, पायऱ्या एकही नाही, बाथरूमचं दार रुंद, बाबांच्या गुडघ्यांसाठी. आईला गॅरेजमध्ये राहणं पटलंच नसतं, आणि ज्युनियरमध्ये पहाटे पाच वाजता तिचा चहा, मग फोडणी म्हणजे आमची पोरं जागी. आता ती तिच्या ओट्यावर हवं तेव्हा हवं ते करते. पण आईबाबा ऐंशीच्या पुढचे असतील, रात्री उठून बघावं लागत असेल, तर मात्र अंगण ओलांडून जाण्यापेक्षा घरातलंच ज्युनियर घ्या.