'बॅटरी गेलीये काकू' म्हणून आईला १४०० रुपयांना गंडवलं

आईचा फोन दुपारपर्यंत मान टाकायचा. मंडईत भाजीला गेली असताना तिनं तो तिथल्याच एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात दाखवला.

दुकानदारानं अलीकडे उघडलेल्या ॲप्सचं बटण दाबलं आणि पत्ते पिसावेत तशी एकेक ॲप्स सरकवून दाखवली. "बघा काकू, एवढी सगळी आत चालू आहेत. बॅटरी पार मेली." आई घाबरली. मग 'ओरिजिनल' बॅटरी १४०० रुपयांना, वर बॅटरी वाचवणारं एक ॲप फुकट. जुनी बॅटरी मागितली तर म्हणे, ती कशाला, फेकायचीच आहे. बिल म्हणजे व्हिजिटिंग कार्डामागे पेनानं लिहिलेला आकडा!

पत्त्यांचा हा खेळ शुद्ध थाप आहे. त्या यादीतली बहुतेक ॲप्स नुसती गोठलेली असतात. ती सारखी पुसत बसलात, तर पुन्हा पहिल्यापासून उघडताना बॅटरी उलट जास्तच जाते. मागच्या मागे लोकेशन विचारणारी, दर थोड्या वेळानं इंटरनेटला जाणारी आणि फोनला झोपू न देणारी ॲप्स बॅटरी खातात. त्यांना आवर घालायची सोय अँड्रॉइडमध्येच आहे: २०१५ पासून डोझ (फोन नुसता पडून असताना ॲप्सना झोपवतं), २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून अडॅप्टिव्ह बॅटरी (क्वचित वापरातल्या ॲप्सना आवरते). वेगळं ॲप लागतच नाही.

घरी आल्यावर फोन जास्तच तापायला लागला. लॉक उघडायच्या आधीच पडदाभर जाहिराती. सेटिंगमध्ये बॅटरी वापराचं पान उघडलं तर सगळ्यात वर तेच फुकटचं ॲप! त्याखाली एक राशिभविष्याचं, चोवीस तास लोकेशन घेणारं. (आईची रास आणि तिचं लोकेशन यांचा संबंध काय, ते त्या ज्योतिषालाच ठाऊक.) फुकटचं ॲप काढायला गेलो तर अनइन्स्टॉलचं बटण दबेना. दुकानदार पठ्ठ्यानं त्याला डिव्हाइस ॲडमिन, म्हणजे फोनवर खास हक्क असलेलं ॲप, करून ठेवलं होतं. सिक्युरिटीत जाऊन आधी तो अधिकार काढला, मग ते गेलं. राशिभविष्यालाही बॅकग्राउंडमध्ये बंदी घातली.

पुढे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये फोन उघडून घेतला. गोंद वाकडातिकडा, आणि बॅटरीवर क्षमता छापलेली ६००० एमएएच. कंपनीची ५००० ची, आकार तेवढाच. तेवढ्याच जागेत हजार जास्तीचे आले कुठून? आणि ही असली बॅटरी असूनही, ती दोन ॲप्स आवरल्यावर फोन रात्रीपर्यंत टिकतोय. म्हणजे जुनी बॅटरी बहुधा ठणठणीत होती, आणि ती आता दुकानदाराच्या ड्रॉवरमध्ये आहे.

बॅटरी बदलायचीच असेल तर समोर बसून बदलून घ्या, जुनी हातात मागा आणि जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल घ्या. आम्ही परत गेलो तेव्हा "बिल दाखवा" एवढंच ऐकायला मिळालं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे तक्रार करताना ते कार्डच जोडणार आहे, आकडा त्याच्याच अक्षरातला आहे.