टोपणनाव की खरे नाव?

नोकरीच्या ठिकाणच्या गैरप्रकारांविषयी समाजमाध्यमांवर लिहू इच्छिणाऱ्या एका परिचारिकेने नुकतेच मला विचारले की, हे लेखन स्वतःच्या नावाने करावे की टोपणनावाने.

सुरक्षिततेच्या कसोटीवर टोपणनाव उजवे आहे. २०१२ साली मुंबई बंदविषयीच्या फेसबुकवरील मजकुरावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली आणि त्यांतील एकीने तो मजकूर केवळ ‘लाइक’ केला होता. ज्या कलमाखाली ती कारवाई झाली, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले. अर्थात टोपणनाव वरिष्ठांपासून व शेजाऱ्यांपासून लपवते, तपास यंत्रणांपासून नव्हे, कारण आयपी पत्ता आणि मोबाइल क्रमांक यांचा माग काढता येतो.

विश्वासार्हतेत खरे नाव पुढे आहे, कारण लिहिणाऱ्याचा अनुभव व पद वाचकाला पडताळता येते. मात्र नावाची सक्ती केल्याने शिवीगाळ थांबते, हा दावा मला पटत नाही. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पडताळणी अनिवार्य केली, पण बेकायदा मजकुरात लक्षणीय घट न दिसल्याने तेथील घटनात्मक न्यायालयाने २०१२ मध्ये ती रद्द ठरवली.

कष्ट टोपणनावालाच अधिक: वेगळा ईमेल हवाच, शिवाय कामाच्या पाळीची वेळ किंवा विभागाचे वर्णन यांतूनही ओळख फुटते.

म्हणून आजार, कौटुंबिक हिंसा किंवा नोकरीतील अन्याय यांविषयी लिहिणाऱ्यांनी टोपणनाव घ्यावे. वैद्यकीय वा कायदेविषयक सल्ला देणाऱ्यांनी, तसेच एखाद्यावर नाव घेऊन आरोप करणाऱ्यांनी स्वतःच्या नावानेच लिहावे.